उभ्या वाहनांना होणारा उंदीर-घुशींचा उपद्रव

उभ्या वाहनांना होणारा उंदीर-घुशींचा उपद्रव म्हणजे बंद स्थितीत उभ्या असलेल्या मोटारगाड्या, टेम्पो, रिक्षा व दुचाकी यांच्यात कृंतक गणातील प्राण्यांनी शिरून केलेली कुरतड, घरटी व घाण, आणि त्यांतून उद्भवणारे यांत्रिक व विद्युत बिघाड. हा उपद्रव भारतात सर्वत्र आढळतो. शेत, वस्ती आणि जंगल जेथे एकमेकांना भिडलेली असतात तेथे तो अधिक जाणवतो. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके, आणि त्यांतही नेरळ, हे अशा परिसराचे नमुनेदार उदाहरण होय. भातखाचरे, पेंढ्याच्या उडव्या, भाताच्या गिरण्या, नव्याने उभी राहिलेली गृहसंकुले, आठवडाभर बंद असणारी फार्महाऊस आणि माथेरानच्या जंगलाच्या तोंडाशी असलेला वाहनतळ हे सर्व येथे काही किलोमीटरांच्या आत एकवटले आहे.

या उपद्रवात वाहनाचा संबंध बव्हंशी योगायोगाचा असतो. उंदराला गाडीचे आकर्षण नसते. त्याला कोरडी, अंधारी, ऊबदार आणि मुख्यतः न हलणारी जागा हवी असते. त्यामुळे बॉनेटखाली कोणता पदार्थ ठेवावा या प्रश्नापेक्षा गाडी कोठे, कशाच्या शेजारी आणि किती रात्री उभी आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रत्यक्षात मात्र चर्चा पहिल्याच प्रश्नाची होते.

उपद्रव करणारे प्राणी

सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती कृंतक गणातील आहेत. परंतु वाहनांचे नुकसान करणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. घरउंदीर किंवा काळा उंदीर, ज्याचे शास्त्रीय नाव रॅटस रॅटस असे आहे, हा चपळ चढणारा प्राणी आहे. माडावर, कौलांत आणि माळ्यावर तो सहज वावरतो. टायरवरून, सस्पेन्शनच्या दांड्यांवरून किंवा गाडीवर टेकलेल्या वेलीवरून इंजिनापर्यंत पोहोचणे त्याला अवघड नसते. घरातील लहान उंदीर आकाराने बराच लहान असल्याने सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरू शकतो. वातानुकूलन यंत्राच्या नळीमार्गात व हवेच्या गाळणीच्या डब्यात सापडणारी घरटी पुष्कळदा त्याचीच असतात.

भातशेतीच्या प्रदेशात लहान घूस, म्हणजे बँडिकोटा बेंगालेन्सिस, ही सर्वांत महत्त्वाची जाती आहे. ती बांधात बिळे करते आणि ओंब्या तोडून बिळात साठवते. चढण्यात ती घरउंदराइतकी तरबेज नसते. पण जमिनीलगतच्या वायरी, चाकाजवळचे सेन्सर आणि इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आवरण तिच्या आवाक्यात असते. मोठी घूस अर्ध्या किलोहून अधिक वजनाची होते. घुशीसाठी इंग्रजीत रूढ असलेला बँडिकूट हा शब्द तेलुगूतील पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून आला आहे आणि मोठी घूस पाहिल्यावर तो अन्वर्थक वाटतो.

खार हीदेखील कृंतकच आहे. उंदीर-घुशी निशाचर असतात, तर खार दिवसा वावरते. झाडाखाली दिवसभर उभ्या असणाऱ्या गाडीत काथ्या, कापूस व सुकलेले गवत यांचे घरटे सापडल्यास ते बहुधा खारीचे असते. चिचुंद्रीवर मात्र अनेकदा नाहक आळ येतो. ती दिसायला उंदरासारखी असली तरी कृंतक नाही. ती कीटकभक्षी आहे आणि वायरी कुरतडण्यायोग्य, सतत वाढणारे पटाशीचे दात तिला नसतात. दस्तुरी नाक्यावर माकडांकडून होणारी वायपर, आरसे व दारांच्या रबरी पट्ट्यांची मोडतोड हा या लेखाहून निराळा विषय आहे, जरी गाडीमालकाच्या दृष्टीने दुःख तेच असले.

कुरतडण्याची कारणे

कृंतकांच्या वरच्या व खालच्या जबड्यातील पुढचे दोन-दोन दात आयुष्यभर वाढत राहतात. उंदराचे दात न झिजल्यास वर्षाला सुमारे १० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकतात. दाताच्या केवळ पुढच्या बाजूस कठीण दंतवल्क असते व मागची बाजू मऊ असते. त्यामुळे मागची बाजू लवकर झिजून पुढे पटाशीसारखी धार कायम राहते. हे दंतवल्क तांब्यापेक्षा कठीण असल्याने वायरीचे आवरणच नव्हे तर आतील तारही तुटते.

दात झिजवणे हे एकच कारण मात्र नाही. उंदीर अनोळखी वस्तू दातांनी चाचपून पाहतात, वाटेत आलेला अडथळा कुरतडून वाट मोकळी करतात आणि घरट्यासाठी मऊ तंतू गोळा करतात. बॉनेटच्या आतील अस्तर, सीटमधील फोम आणि हवेच्या गाळणीचा कागद हे घरट्याचे उत्तम साहित्य ठरते. वायर खाल्ली जाते असे म्हटले जाते. वस्तुतः ती खाल्ली न जाता कुरतडली जाते आणि तुकडे बहुधा तेथेच खाली पडलेले आढळतात.

अलीकडच्या गाड्यांच्या वायरींवरील आवरणात सोयाबीनपासून बनविलेले घटक असल्यामुळे उंदीर तिकडे ओढले जातात, असा समज जगभर पसरला आहे. अमेरिकेत टोयोटा व होंडा या कंपन्यांविरुद्ध ग्राहकांनी याच मुद्द्यावर दावे दाखल केले होते. सोयामुळेच कुरतड वाढते हे सिद्ध झालेले नाही आणि खनिज तेलापासून बनविलेले जुने आवरणही उंदीर कुरतडत आले आहेत. जुन्या प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर गाडीत वायरीच मोजक्या होत्या. एखादी तुटली तरी गॅरेजमधील कारागीर ती पाच मिनिटांत जोडून देई. आजच्या गाडीत शेकडो वायरी आणि अनेक संगणकीय नियंत्रक असतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर धुराड्याच्या मार्गावरील सेन्सरांची संख्या आणखी वाढली. उंदराची सवय तीच राहिली, एका चाव्याची किंमत मात्र वाढली.

नेरळ परिसरातील स्थिती

नेरळ हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील स्थानक असून १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची अरुंद मापी रेल्वे येथूनच निघते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश मुख्यतः भातशेतीचा आहे. पावसाळ्यात येथे ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कर्जत येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले केंद्र आहे. वाहनांना होणाऱ्या उपद्रवाचे येथील वेळापत्रक या भातशेतीवरच ठरते.

जून-जुलैमध्ये खाचरे पाण्याने भरली की बांधातील खालची बिळे बुडतात आणि उंदीर-घुशी उंचवट्याकडे, घरांकडे व पडव्यांकडे सरकतात. नदीला पूर आल्यास हे स्थलांतर एका रात्रीत होते. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, यावरून खोऱ्यातील पाण्याच्या विस्ताराची कल्पना येते. अशा वेळी जमिनीपासून हातभर उंच, कोरडे आणि छप्पर असलेले स्थान म्हणून उभी गाडी उंदरांच्या उपयोगी पडते.

दुसरा काळ कापणीनंतरचा. सप्टेंबरपासून ओंब्यांत दाणा भरू लागतो तशी शेतातील उंदरांची संख्या वाढते. उंदराची मादी २१ ते २३ दिवसांत वितात व पिले दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतात, हे लक्षात घेता एका हंगामात होणारी वाढ समजू शकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापले जाते, शेत उघडे पडते आणि अन्न खळ्यावर, गिरणीत व घरात जाते. उंदीरही त्याच्या मागोमाग जातात. घराशेजारी रचलेली पेंढ्याची उडवी हा त्यांचा पहिला मुक्काम. अंगणात आडोसा म्हणून गाडी नेमकी उडवीला लागून उभी केली जाते आणि थंडीच्या रात्री संध्याकाळी परतलेल्या गाडीचे इंजिन काही तास ऊबदार असते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तक्रारी अधिक येण्यामागे हा मेळ आहे. भिवपुरी येथील टाटा जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या राजनाला कालव्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भातही घेतले जाते. तेथे उंदरांना उन्हाळ्यातही अन्न मिळते व उपद्रवाला पूर्ण खंड पडत नाही.

या शेती-व्यवस्थेत उंदरांवर एक पारंपरिक नियंत्रणही होते. कातकरी समाजातील लोक कापणीनंतर बांधांतील बिळे खणून उंदीर पकडत आणि बिळात साठविलेले भात काढून घेत. अन्न मिळविण्याच्या या कौशल्याचा शेतकऱ्यालाही लाभ होई. शेते बिनशेती होऊन त्यांवर कुंपणे पडली तसे हे खणणे मागे पडत गेले. नेरळच्या आसपास जी गृहसंकुले उभी राहिली आहेत त्यांतील अनेक पूर्वीच्या भातखाचरांवर आहेत. इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या राहतात. बाजूच्या उरलेल्या शेतातून तेथवर येण्यास घुशीला कोणताही अडथळा नसतो. मुंबई महानगरपालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीवर उंदीर मारणारे कर्मचारी नेमलेले असतात. ग्रामपंचायत क्षेत्रात अशी स्वतंत्र यंत्रणा सहसा नसते. त्यामुळे जबाबदारी गृहनिर्माण संस्थेवर किंवा घरमालकावरच येते.

वाहन उभे करण्याच्या प्रकारांनुसार धोका बदलतो. नेरळ स्थानकाजवळ पहाटे गाडी ठेवून लोकलने मुंबईला जाणारा नोकरदार रात्री ती परत नेतो. गाडी मुख्यतः दिवसा व गजबजाटात उभी असल्याने तिला उंदरांपासून धोका तुलनेने कमी असतो. नेरळ-माथेरान मार्गावर रोज फेऱ्या करणाऱ्या टॅक्सीत घरटे पूर्ण होण्याइतका निवांतपणाच मिळत नाही. खरा धोका बंद फार्महाऊसमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या गाडीला, पावसाळाभर झाकून ठेवलेल्या दुचाकीला आणि दस्तुरी नाक्यावरील गाड्यांना असतो. माथेरानमध्ये खासगी मोटारींना प्रवेश नसल्याने पर्यटकांना त्या दस्तुरी नाक्यावर ठेवून पुढे चालत, घोड्यावरून किंवा अन्य परवानगी असलेल्या साधनाने जावे लागते. गाडी दोन-तीन रात्री जंगलालगत उभी राहते. आत फरसाणाचा पुडा, मुलांच्या सीटखाली सांडलेले दाणे आणि परतीच्या वाटेवर चिक्कीची पिशवी असेल तर निमंत्रण पूर्ण होते.

२५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीत देशभर लाखो वाहने आठवडेच्या आठवडे जागेवर उभी राहिली. गाडी न हलणे हाच या उपद्रवातील मुख्य घटक आहे, याचा अनुभव त्या काळात शहरातील गाडीमालकांनाही आला.

नुकसानीचे स्वरूप

सर्वाधिक नुकसान इंजिनाच्या कप्प्यातील वायरींच्या जुडग्याचे होते. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची वायर तुटल्यास इंजिन एका सिलिंडरवर अडखळते. ऑक्सिजन सेन्सरची वायर तुटल्यास इंजिनाचा सूचक दिवा लागतो आणि गाडी अधिक इंधन घेते. चाकाजवळील वेगमापक सेन्सरची वायर तुटल्यास एबीएस ही ब्रेकप्रणाली काम करीत नाही. साधे ब्रेक चालू राहतात, पण पावसात घाट उतरताना चाके लॉक होण्यापासून मिळणारे संरक्षण नाहीसे होते. नेरळ-माथेरान किंवा खोपोलीजवळचा बोरघाट उतरणाऱ्या वाहनाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही.

वायरीचे आवरण निघून तार उघडी राहिली आणि ती गाडीच्या सांगाड्याला टेकली तर शॉर्टसर्किट होते. फ्यूज उडाला तर नुकसान तेवढ्यावर थांबते. इंधनाची रबरी नळी कुरतडलेली असेल व त्याच ठिकाणी गरम भाग किंवा ठिणगी असेल तर आग लागू शकते. गरम एक्झॉस्टजवळ रचलेले सुक्या गवताचे घरटेही पेटू शकते. उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असल्यास ती सुरू न करता मेकॅनिकला जागेवर बोलावणे हाच योग्य मार्ग होय.

काचेवर पाणी मारणारी नळी, थंडावा देणाऱ्या द्रवाच्या रबरी नळ्या, दारांच्या पट्ट्या व सीटचे पट्टे यांचेही नुकसान होते. कुरतडलेला सीटबेल्ट शिवून वापरणे धोक्याचे आहे. तो बदलावाच लागतो. एअरबॅगच्या वायरी पिवळ्या आवरणात, तर विद्युत व संकरित वाहनांतील उच्च दाबाच्या केबल नारिंगी आवरणात असतात. या दोन्हींना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये. नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो.

प्रारंभीची लक्षणे ओळखता आल्यास खर्च पुष्कळ कमी होतो. बॅटरीच्या झाकणावर किंवा इंजिनाच्या सपाट भागावर काळ्या लेंड्या, धुळीत उमटलेले पंजे, ब्लोअर सुरू करताच येणारा कुबट वास, गाळणीच्या डब्यात भाताची तुसे किंवा बियांची टरफले ही उंदरांच्या वावराची चिन्हे आहेत. वायर तुटण्याच्या आधी ती बहुधा दिसू लागतात.

प्रतिबंधाचे उपाय

परिसराची व्यवस्था हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे. गाडी उडवी, लाकडांची रास, भंगार, उकिरडा व दाट कुंपण यांपासून काही अंतरावर, शक्यतो सिमेंटच्या मोकळ्या जमिनीवर उभी करावी. उंदीर मोकळी जागा ओलांडण्याचे टाळतात व भिंतीच्या कडेने चालतात. म्हणून गाडी भिंतीला चिकटवून लावू नये. झाडाची फांदी किंवा वेल गाडीला टेकू देऊ नये. कोंबड्यांचे खाद्य, कुत्र्याचे अन्न, भाताची पोती गाडीजवळ साठवू नयेत. कर्जत-खालापूर भागात कुक्कुटपालन बरेच असल्याने ही सूचना अनेकांना लागू पडते. गाडीतून धान्य किंवा पेंढा वाहून नेल्यास त्याच दिवशी डिकी झाडून घ्यावी.

गाडी दोन-तीन दिवसांतून एकदा थोडे अंतर चालविणे उपयुक्त असते. जागेवर इंजिन सुरू करून बंद करण्याने फारसा लाभ होत नाही. थंडीत तर उंदरांसाठी ऊबच निर्माण होते. गाडी रोजच्या रोज एकाच जागी न लावता थोडी बदलून लावल्यास उंदरांची रुळलेली वाट मोडते. रात्री बॉनेट उघडे ठेवून वर दिवा लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिच्यामुळे अंधार आणि आडोसा दोन्ही नाहीसे होतात, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये तिचा काही उपयोग होतो. उघड्यावर, पावसात किंवा माकडांच्या प्रदेशात ती शक्य नसते.

फटी बंद करणे हा दुसरा खात्रीचा उपाय. हवा घेण्याच्या मार्गाच्या तोंडाशी आणि वायपरखालच्या जाळीदार पट्टीच्या आत ६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान छिद्रांची गंजरोधक धातूची जाळी बसविता येते. प्लॅस्टिकची जाळी उंदीर कुरतडतात. जाळी हवेचा मार्ग अडवणार नाही, पंख्याला किंवा एक्झॉस्टला लागणार नाही व वायरींवर घासणार नाही याची काळजी घ्यावी. इंजिनाखालचे आवरण तुटून पडले असल्यास ते पुन्हा बसवून घ्यावे. आतली हवा आतच फिरविण्याचे बटण चालू ठेवून गाडी बंद केल्यास बाहेरून केबिनकडे जाणारी झडप अनेक गाड्यांत मिटलेली राहते. या उपायाला काहीही खर्च येत नाही.

पिंजरे व चाप गाडीच्या आत न ठेवता भोवती, भिंतीलगत ठेवावेत. भजी, सुकट, बोंबील किंवा खोबऱ्याचा तुकडा हे येथील नेहमीचे आमिष होय. उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिंजरा न लावता केवळ आमिष ठेवून त्यांना सरावू द्यावे लागते. पहिल्या रात्री काही सापडले नाही म्हणून पिंजरा हलविण्याची घाई केली जाते आणि तेथेच उपाय फसतो. चिकट सापळ्यात उंदीर तासन् तास तडफडत राहतो. भारतीय पशुकल्याण मंडळाने अशा सापळ्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत. गणपतीचे वाहन म्हणून उंदीर मारण्यास न धजावणारी कुटुंबे पकडलेला उंदीर दूर सोडतात. तो बहुधा दुसऱ्याच्या शेतात सोडला जातो, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

विषाचा वापर वाहनाच्या बाबतीत सोयीचा ठरत नाही. ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्के प्रमाणाचे आमिष रक्त गोठण्याची क्रिया रोखते व उंदीर काही दिवसांनी मरतो. दरम्यान तो आडोशाला जातो, आणि आडोसा गाडीच असेल तर ब्लोअरच्या मार्गात मेलेल्या उंदराची दुर्गंधी घालविण्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. झिंक फॉस्फाइड हे शेतात वापरावयाचे तीव्र विष आहे. घराच्या अंगणात, मुले व पाळीव प्राणी असताना ते वापरू नये. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर उतारा नाही. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा सापाने खाल्ल्यास त्यांनाही बाधा होऊ शकते. गव्हाणी घुबड आणि धामण हे या परिसरातील उंदरांचे नैसर्गिक शत्रू आहेत. धामणीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. माथेरान व भोवतालचा परिसर २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला असल्याने दस्तुरी नाक्यासारख्या ठिकाणी विष टाकण्याचा विचारही करू नये.

वास व आवाज यांवर आधारित उपाय सर्वाधिक लोकप्रिय आहेत. बॉनेटखाली तंबाखूची पाने, डांबरगोळ्या, पुदिन्याच्या तेलाचे बोळे ठेवले जातात. ताज्या उग्र वासाने उंदीर काही काळ बिचकतो. परंतु गरम इंजिनाजवळ वास लवकर उडून जातो आणि उंदीर त्याला सरावतो. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ ब्लोअरवाटे प्रवाशांपर्यंत पोहोचते. लहान मुलांना व जी६पीडी हे विकर कमी असणाऱ्या व्यक्तींना ती घातक असते. मिरचीतील तिखटपणाचा घटक कॅप्सायसिन असलेली चिकटपट्टी होंडा कंपनीने वायरींना गुंडाळण्यासाठी तयार केली आहे. हा उपाय वासाच्या बोळ्यांपेक्षा टिकाऊ आहे, कारण तो चाव्याच्या जागीच लागू पडतो. मात्र पट्टीने न झाकलेल्या वायरींना त्याचा उपयोग नाही. गाडीपुढे टांगलेल्या लिंबू-मिरचीचा संबंध दृष्ट लागण्याशी आहे, उंदरांशी नाही.

माणसाला ऐकू न येणारा, २० किलोहर्ट्झहून अधिक वारंवारतेचा आवाज काढणारी उपकरणे बाजारात मिळतात. असा आवाज उंदरांना ऐकू येतो हे खरे आहे. पण तो घन वस्तूंच्या पलीकडे जात नाही आणि इंजिनाचा कप्पा अशा वस्तूंनीच भरलेला असतो. शिवाय उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा उपकरणांच्या ६० हून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना परिणामकारकतेच्या दाव्यांबाबत इशारा दिला होता. बॅटरीवर सतत चालणारे उपकरण महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरवू शकते, हा तोटा वेगळाच.

स्वच्छता व आरोग्य

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणुजन्य रोग पसरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. कोकणपट्टीतही दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. म्हणून गाडीत घरटे किंवा लेंड्या सापडल्यास त्या उघड्या हातांनी काढू नयेत, कोरड्या झाडूने झाडू नयेत आणि हवेच्या झोताने उडवू नयेत. दारे उघडून काही वेळ हवा खेळू द्यावी, हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे ताजे मिश्रण घाणीवर फवारून पाच मिनिटांनी कागदाने पुसून घ्यावे. हे मिश्रण विद्युत जोडण्यांवर मात्र मारू नये, त्या गंजतात. केबिनची गाळणी धुऊन परत न बसविता नवी घालावी. घाण साफ केल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी व डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना उंदराच्या संपर्काची माहिती अवश्य द्यावी.

इंजिन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्याची सवय उंदरांपेक्षा मांजरांसाठी उपयोगी आहे. उंदराच्या मागावर आलेली मांजर किंवा तिचे पिलू पंख्याजवळ झोपलेले असू शकते.

इतर देशांतील उदाहरणे

जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये अशा नुकसानीबद्दल प्रसिद्ध असलेला प्राणी कृंतक नसून दगडी मार्टेन हा मुंगसाएवढा मांसभक्षक आहे. नर आपला प्रदेश गंधाने आखतो. एका भागात गंध लागलेली गाडी दुसऱ्या भागात उभी राहिली की तेथील नर चिडून रबरी नळ्या चावतो. त्यामुळे तेथे नुकसानीनंतर इंजिन धुऊन घेण्याचा सल्ला दिला जातो आणि विमापत्रांत या प्राण्याचा वेगळा उल्लेख असतो. कॅलिफोर्नियातील सेकोया राष्ट्रीय उद्यानाच्या मिनरल किंग भागात मार्मोट हे मोठे कृंतक उभ्या गाड्यांच्या नळ्या कुरतडतात. गिर्यारोहक गाडी खालून वरपर्यंत ताडपत्रीत गुंडाळून जातात. एखादा मार्मोट इंजिनात बसून उद्यानाबाहेरही प्रवास करतो.

विमा

भारतात केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या वाहनाला उंदरांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमापत्रात स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा भाग असतो व अशा दाव्यांचा विचार त्याखाली होतो. केवळ विद्युत बिघाड म्हणून नोंद झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो, कारण यांत्रिक व विद्युत बिघाड तसेच झीज हे विमापत्रातील अपवाद आहेत. म्हणून कुरतडलेल्या वायरी, लेंड्या व घरटे यांची छायाचित्रे साफसफाईपूर्वी घ्यावीत, दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत तुटलेले भाग जपून ठेवावेत. उत्पादकाच्या वॉरंटीत प्राण्यांनी केलेले नुकसान सामान्यतः येत नाही.

रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. शून्य घसाऱ्याचे जोडविमापत्र घेतले असल्यास ही वजावट टळते. याखेरीज खासगी मोटारीच्या प्रत्येक दाव्यात १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनासाठी १,००० रुपये व त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये मालकाला स्वतः भरावे लागतात. दावा केल्यास पुढील वर्षाचा नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २० ते ५० टक्क्यांपर्यंत असल्याने एखाद-दुसऱ्या वायरीच्या दुरुस्तीसाठी दावा न करणे काही वेळा स्वस्त पडते. संपूर्ण जुडगे बदलावे लागत असल्यास हिशेब उलटा होतो.